माश्यांच्या अळ्या मरायला नको होत्या

रिझल्ट उलटे आले होते.

टेबलाच्या एका बाजूला आमच्या पॅकिंगमधल्या बायकांच्या नमुन्यांतले जिवाणू वाढवलेल्या काचेच्या प्लेट्स होत्या, दुसऱ्या बाजूला पाली गावातल्या बायकांच्या. पॅकिंगमधल्या बायका दिवसभर आमच्या पावडरीत बसायच्या, तरी त्यांच्या प्लेट्सवर आमचा जिवाणू जवळपास नव्हताच. आणि पालीच्या ज्या बायकांनी आमची पावडर कधी पाहिलेलीही नव्हती, निदान माझी तशी समजूत होती, त्यांच्या प्लेट्स त्याच जिवाणूने गच्च भरलेल्या. मी बाटल्यांवरची लेबलं तपासली. चहा घेतला आणि पुन्हा तपासली. लेबलं बरोबर होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दोन गाळ्यांत आमची छोटी कंपनी होती. आम्ही जिवाणूंपासून कीटकनाशक बनवायचो. हे कोणाला सांगितलं की समोरचा माणूस हळूच लांब सरकून बसायचा. जिवाणू म्हणजे रोग, एवढंच लोकांना माहीत. खरं तर आमचा जिवाणू मातीत राहणारा, गरीब स्वभावाचा. त्याच्या अंगात एक बारीक खडा तयार होतो, त्याला आम्ही क्रिस्टल म्हणायचो. कोबी-फ्लॉवरवरची हिरवी अळी पावडर लागलेलं पान खाते, तिच्या आतड्यात तो खडा विरघळतो आणि आतड्याला भोकं पडतात. अळी मरते. माणसाच्या पोटात आम्ल असतं, तिथे तो खडा डाळभातासारखा पचून जातो.

आमचे मालक पारेखशेठ हे समजावत बसायचे नाहीत. ते शेतकऱ्यांपुढे चमचाभर पावडर पाण्यात ढवळायचे आणि गटागटा पिऊन टाकायचे. मग टाळ्या.

पण टाळ्यांवर नोंदणी मिळत नाही. कीटकनाशकाची सरकारदरबारी नोंदणी सक्तीची झाली होती, आणि त्यासाठी माणसाच्या आरोग्याला धोका नाही हे दाखवावं लागायचं. ते दाखवायचं काम माझं. मी एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी. उंदरांना पावडर खाऊ घालणं, सशाच्या डोळ्यात टाकणं, आणि रोज पावडर हाताळणाऱ्या बायकांच्या तब्येतीवर नजर ठेवणं. अशा तपासणीत तुलनेला दुसरी माणसं लागतात, ज्यांचा त्या वस्तूशी काही संबंध नाही अशी. त्यांना कंट्रोल म्हणतात. मी कंट्रोल म्हणून पाली निवडलं. समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव, शेती नाही, फवारणी नाही, आमच्यापासून चांगलं लांब. आमचे सुपरवायझर म्हात्रे पेणकरपाड्याचे. त्यांची पालीत दोन जावांच्या घरी ओळख होती. हिराबाय आणि सोनाबाय. दोन्ही घरांतून मी हातांचं धुवण आणि शौचाचे नमुने आणले होते. शौचाचा नमुना मागितला तेव्हा अख्खी आळी हसून हसून खाली बसली होती.

आणि आता माझं कंट्रोलच आमच्या जिवाणूने भरलेलं निघालं.

पारेखशेठना सांगितलं. ते फोनवर होते, फोन हातात धरूनच म्हणाले, "बेन, डबे बदलले असतील."

"नाही बदलले. मी दोनदा नमुने आणलेत."

"मग दुसरा कोई जंतु असेल. मिट्टीमध्ये बहोत असतात ना?"

मुद्दा खोटा नव्हता. आमच्या जिवाणूचे चुलतभाऊ मातीत ढिगाने असतात आणि प्लेटवर सगळे सारखेच दिसतात. पण मी मायक्रोस्कोपखाली पाहिलं होतं. खडा होता. आमचाच होता.

"शेठ, त्यांच्या पोटात आपली पावडर आहे आणि ती कुठून आली मला कळत नाही."

"तर मग दुसरा गाव घ्या ने! इतना मोठा किनारा पडलाय."

मला त्यांचा राग आला. थोडा स्वतःचाही आला, कारण मलाही क्षणभर दुसरं गाव घ्यावंसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी बस पकडून पालीला गेले. मे महिना संपत आला होता. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून त्या दिवसांत कोळ्यांची घरं सुक्या मासळीने भरलेली असतात. उन्हात वाळवलेले बोंबील, जवळा, बांगडे. तेच पावसाळ्याचं कालवण आणि तेच विकायचं. माझं गाव रत्नागिरीकडचं, त्यामुळे त्या वासाने मला परकं वाटलं नाही, भूकच लागली.

हिराबाय ओट्यावर टोपलीत बोंबील रचत होती. आडव्या हाडाची, मोठ्या आवाजाची बाई. मला पाहून म्हणाली, "परत आलीस गो? आता मूत नेतेस काय?"

"आज काही नेत नाही. विचारायला आलेय. तुमच्याकडे म्हात्र्यांनी काही दिलंय का? पावडर वगैरे?"

"हाय ना!" असं म्हणून तिने टोपलीमागून डालड्याचा डबा ओढला. आत आमची पावडर. भुरकट, थोडी खडीमिश्रित. फरशीवरची झाडलोट होती ती.

कोडं सुटलं. मला इतकं हायसं वाटलं की मी ओट्यावर बसले आणि तिने दिलेलं पाणी प्याले. म्हात्रे हा माणूस कधी काही फुकट जाऊ द्यायचा नाही. महिनाअखेरीला गाळा झाडला की सांडलेली पावडर तो गोळा करायचा आणि हिराबायला द्यायचा, बदल्यात जवळा न्यायचा. सांगायचा, ही अळ्या मारते, माणसाला काही करत नाही, आमचे शेठ स्वतः पितात. यात खोटं एक अक्षर नव्हतं. दोघी जावांनी ती पावडर सगळ्या सुक्या मासळीवर भुरभुरली होती, आणि तीच मासळी रोज खात होत्या. पॅकिंगमधल्या बायका साबणाने हात धुवून घरी जायच्या. पालीच्या बायका आमची पावडर जेवत होत्या. रिझल्ट उलटे का आले ते समजलं.

"उपयोग होतो का?" मी सहज विचारलं.

"होतो काय म्हंजे? जाम गुनाची हाय. आदी टोपल्यान् माशी बसली की अळ्याच अळ्या. निम्मा बोंबील टाकून द्याचो. आता बघ." तिने टोपली माझ्यासमोर उपडी केली. "एक तरी अळी दिसते काय?"

एकही दिसत नव्हती. टोपलीच्या तळाशी मेलेल्या अळ्यांचा काळपट चुरा मात्र होता.

मी ग्लास खाली ठेवला.

हे का वाईट होतं ते सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्याला वाटेल, अळ्या मेल्या, मग बिघडलं कुठे? तर फुलपाखराच्या आणि पतंगाच्या जातीची अळी वेगळी आणि घरातल्या माशीची अळी वेगळी. आमचा खडा पहिलीला मारतो. माशीच्या अळीला त्याचं काही वाटत नाही, ती ते खाते, लठ्ठ होते आणि माशी होऊन उडून जाते. पण या जिवाणूच्या काही जाती खड्याखेरीज आणखी एक विष बनवतात. ते पाण्यात विरघळतं. उकळलं तरी नष्ट होत नाही. ते माशीच्या अळीला मारतं, आणि ते उंदरालाही मारतं. माणसाला किती लागतं ते कोणालाच नीट माहीत नव्हतं.

म्हणून आमच्या धंद्यात एक चाचणी होती. पावडर माशीच्या अळ्यांना खायला घालायची. अळ्या जगल्या तर पावडर माणसांसाठी ठीक. मेल्या तर ती बाजारात जाता कामा नये. या चाचणीसाठी मी गाळ्याच्या पोटमाळ्यावर जाळीच्या पिंजऱ्यात घरमाश्या पाळल्या होत्या. त्यांना दुधाची पावडर आणि कोंडा घालायचे. आई शेजारणींना सांगायची, आमची मुलगी शिकून माश्या पाळते. आमची पावडर या चाचणीत दर महिन्याला पास व्हायची. चाचणी मी माझ्या हाताने करायचे.

आणि इथे हिराबाय मला कौतुकाने सांगत होती की अळ्या मरतात.

"हे तूर्त खाऊ नका," मी म्हटलं.

"काय?"

"ही मासळी. मी तपासून सांगते. तोपर्यंत खाऊ नका."

ती हसायला लागली. मग माझा चेहरा पाहून थांबली. "तुजाच साहेब पितो न? मंग?"

शेजारच्या ओट्यावरून तिची जाऊ सोनाबाय हे ऐकत होती. किडकिडीत, कमी बोलणारी. तिने फक्त विचारलं, "पोरांना पन न्हाय द्याचा?"

"पोरांना तर नाहीच."

डब्यातली थोडी पावडर आणि थोडे बोंबील घेऊन मी परतले. बसमध्ये डोक्याचा नुसता गोंधळ. पावडर पास झालेली. अळ्या मेलेल्या. दोन्ही खरं कसं असेल? म्हात्र्याने झाडलोटीत डीडीटी मिसळली असेल? शेजारच्या गाळ्यात रंगाचं काम चालायचं, तिथलं काही उडून आलं असेल? का अळ्या नुसत्या उन्हाने वाळून मेल्या? यातलं काहीही असू शकत होतं. मला मनातून डीडीटीच असावी असं वाटत होतं. डीडीटी निघाली असती तर दोष आमच्या पावडरीचा नसता.

लॅबमध्ये आल्या आल्या कामाला लागले. हिराबायची पावडर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, उकडून काढली. जिवाणू त्यात मरतो आणि खडाही मोडतो. मग नुसतं पाणी गाळून घेतलं आणि अळ्यांच्या कोंड्यात मिसळलं. बोंबीलही कुटून वेगळ्या कोंड्यात घातले. तुलनेला माझ्या आईच्या डब्यातले बोंबील घरून आणले. ऑफिसमध्ये सगळ्यांना वाटलं की मी जेवणाचा डबा विसरून भलतंच घेऊन आले.

अळीची माशी व्हायला वेळ लागतो. तोवर वाट पाहणं एवढंच हातात. शेवटी आईच्या बोंबलावरच्या अळ्या माश्या होऊन पिंजऱ्यात घोंगावू लागल्या. हिराबायच्या बोंबलावरच्या जवळजवळ सगळ्या मेल्या. उकडून गाळलेल्या पाण्यावरच्याही मेल्या. डीडीटी गाळलेल्या पाण्यात उतरत नाही. ते विष आमचंच होतं.

मग मी शेल्फवरून त्या महिन्याच्या वेगवेगळ्या लॉटमधली, म्हणजे खेपांमधली, पावडर काढली आणि तोच प्रयोग लावला. महिन्याच्या पहिल्या लॉटवर अळ्या मजेत जगल्या. मधल्या लॉटवर काही मेल्या. शेवटच्या लॉटवर सगळ्या. एकच टाकी, एकच जिवाणू, त्याला घालायची तीच पेंड, तीच माणसं. आणि विष मात्र महिन्याबरोबर चढत गेलेलं. आता तर मला पहिल्यापेक्षाही कमी कळत होतं. पहिली लॉट चांगली का हे विचारायचं की शेवटची वाईट का, तेही ठरेना.

पहिल्या लॉटबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात आली. प्रत्येक लॉटची चाचणी करायला वेळ जातो, म्हणून शेठनी ठरवून दिलं होतं की महिन्याची पहिली लॉट तपासायची, बाकीच्या तिच्या भरवशावर. माझ्या हातात आजवर फक्त पहिल्याच लॉट आल्या होत्या.

मी खाली जाऊन उत्पादन बघत उभी राहिले. टाकीत शेंगदाण्याच्या पेंडीच्या पाण्यात जिवाणू वाढवायचे, मग ते सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून पाण्यापासून वेगळे काढायचे. उरतो दाट लगदा. आमच्या जिवाणूची जात ते दुसरं विष थोडं सोडायची, हे आम्हाला माहीत होतं. विष पाण्यात विरघळतं, म्हणून लगदा दोनदा स्वच्छ पाण्याने धुवायचा, ते पाणी टाकून द्यायचं आणि मग लगदा वाळवायचा. धुणं हाच सगळ्याचा आधार होता.

म्हात्र्यांनी लगदा धुतला. पाणी पाइपने एका निळ्या पिंपात सोडलं. दुसऱ्यांदा धुतला, तेही पाणी त्याच पिंपात. मग पुढच्या लॉटचा लगदा आला. म्हात्र्यांनी त्याच पिंपातून बादल्या भरल्या आणि त्यावर ओतल्या.

"म्हात्रे, हे काय करताय?"

"धुतोय, बाई."

"ते पाणी टाकून द्यायचं असतं!"

म्हात्र्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना घरातलं धान्य गटारात ओतायला सांगतेय. "अवो, पानी टँकरचा हाय. एक टँकर येतो, तो पन कवा येतो न् कवा न्हाय. इतक्या पान्यान् आमच्या पाड्यातली चार घरा जेवतील. आणि बघा तरी, कवरा नितळ हाय! घान असती तर मी ओतलाच नसता."

पाणी खरंच नितळ होतं. त्या काळी भाईंदरच्या विहिरींचं पाणी मचूळ. गोड पाण्यासाठी आयुष्यभर रांगा लावलेल्या माणसाला नितळ पाणी फेकता येत नाही. भांडी घासणारी प्रत्येक बाई शेवटचं विसळलेलं पाणी ठेवून देते आणि पुढच्या भांड्यांना वापरते. म्हात्र्यांनी घरचीच रीत कारखान्यात आणली होती. फक्त इथे पाण्यात जे होतं ते दिसत नव्हतं. पहिल्या लॉटचं विष पिंपात, त्यात दुसरीचं, त्यात तिसरीचं, आणि तेच पुन्हा लगद्यावर.

"हे पिंप रिकामं कधी करता?"

"एक तारखेला. सगला घासून, नवा टँकर भरून."

आणि तपासायला माझ्याकडे एक तारखेची लॉट यायची. महिनाभर मुरलेली पावडर फरशीवर सांडायची, ती महिनाअखेरीला झाडून पालीला जायची. मी तिथेच पॅकिंगच्या स्टुलावर बसले. म्हात्रे घाबरले. "चुकला काय माजा?" असं तीनतीनदा विचारत राहिले. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो नोकरीचा नव्हता. "हिराबायच्या पोरांना काय झाला तर?"

शेठना सगळं सांगितलं. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्या महिन्याचा सगळा माल अडवला, पिंप फोडून टाकायला लावलं आणि म्हात्र्यांना कामावर ठेवलं. पण पालीचा विषय निघाला आणि त्यांचा आवाज बदलला.

"आपण त्यांना माल विकला? नाही ने? मग आपला काय संबंध?"

"शेठ, ते खातायत."

"तर काय होणार खाऊन? सांगा ने. तुम्ही सायंटिस्ट आहात."

"माहीत नाही."

"उंदराला काय झाला?"

"टोचलं तर थोड्यात मरतो. खाऊ घातलं तर पुष्कळ जास्त लागतं."

"मग खायला ठीक आहे!"

"उंदराला ठीक आहे. चार महिने रोज खाणाऱ्या दोन वर्षांच्या पोराला ठीक आहे का, ते कोणी पाहिलेलं नाही."

"तर मग तुम्ही जाऊन काय सांगणार, बेन?"

प्रश्न बिनतोड होता. पालीच्या त्या मासळीवर दोन घरांचा अख्खा पावसाळा अवलंबून होता. ती टाकून द्या म्हणायला मला काहीतरी खात्री हवी होती, आणि खा म्हणायलाही. मी आणखी एक प्रयोग केला. सुका बोंबील कोणी तसाच खात नाही, भिजवून, दोन पाण्यांनी धुवून मग शिजवतात. मी हिराबायचे बोंबील तसेच धुतले, शिजवले आणि अळ्यांना घातले. मनात म्हटलं, या सगळ्या जगल्या तर खा म्हणेन, सगळ्या मेल्या तर पुरून टाका म्हणेन.

निम्म्या मेल्या.

इतका राग मला कोणत्याच रिझल्टचा आलेला नाही. वर्षानुवर्षं शिकले, चष्मा लागला, आणि हाती आलं काय, तर निम्म्या. हे शेठना सांगितलं तर ते म्हणणार निम्म्या जगल्या. आईला विचारलं. आई म्हणाली, "मी तर तुला खाऊ नसतं दिलं." ती शास्त्र शिकलेली नव्हती, पण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

म्हात्र्यांना घेऊन पालीला गेले. पाऊस लागला होता, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकल्या होत्या. दोघी जावांना एकत्र बसवलं आणि जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. पावडर नीट धुतलेली नव्हती. तिच्यात विष राहिलं आहे. धुतल्याने काही जातं, सगळं जात नाही. शिजवून जात नाही.

"पन आमाला काय झाला?" हिराबाय म्हणाली. "दोन महिने खातोव. हा बघ माजा नातू, धोंडा हाय धोंडा."

"अजून काही झालं नाही. पुढे होईल की नाही मला सांगता येत नाही."

"तुलाच न्हाय माहीत, न् आमी टाकून द्याचा?"

"हो."

"आन् खाचा काय? पावसाला तूच बघ. दरयान् कोन जातो आता?"

म्हात्रे मान खाली घालून म्हणाले, "हिराबाय, माजी चूक हाय."

"तुजी चूक खाता येते काय रं म्हात्र्या?"

मी शेठकडे दुसरी मासळी द्या म्हणून मागणी केली होती. दिली म्हणजे दोष कबूल केला, असं त्यांच्या वकिलाचं म्हणणं पडलं. मग मी घरातले बोंबील नेले होते, दोन घरांना जेमतेम चार दिवसांचं कालवण. ते पिशवीतून काढून ओट्यावर ठेवताना मला लाज वाटली.

सोनाबायने विचारलं, "बाय, तुजी पोरा असती तर?"

"नसतं दिलं."

ती उठली. कुदळ काढली आणि घरामागे माडाखाली खणायला लागली. म्हात्रे धावले, त्यांनी कुदळ घेतली. तिने एकेक टोपली आणून खड्ड्यात ओतली. बोंबील, जवळा, सगळं. मधे एकदाही थांबली नाही. हिराबाय ओट्यावरून बघत राहिली आणि मग म्हणाली, "मी उद्या पुरते." तिने पुरलं नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं.

त्यानंतर पावसाळाभर कामात होते. धुण्याची पद्धत बदलली, प्रत्येक लॉटची चाचणी सुरू झाली. पुढे शेठनी जिवाणूची जातच बदलली, ते दुसरं विष मुळात न बनवणारी आणली. नोंदणीचे कागद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

नारळी पौर्णिमा होऊन होड्या दर्यात गेल्यावर मी एका डॉक्टरांना घेऊन पालीला गेले. दोन्ही घरातल्या सगळ्यांची तपासणी, रक्त, लघवी, वजन. हिराबायने हसत हसत सांगितलं, "आमी खाल्ला गो सगला. माल्यावर लपवलेला." तिच्या घरात कोणाला काहीही झालेलं नव्हतं. नातू आणखी जाडा झाला होता. डॉक्टर म्हणाले, एकदम फर्स्ट क्लास.

सोनाबायच्या घरी तपासायला ती एकटीच होती. पोरं आजोळी पाठवली होती, कारण घरात कालवणाला काही नव्हतं. ती पावसाळाभर राई-मुर्धा गावांकडे भातलावणीला गेली. जन्मात कधी शेताच्या चिखलात उभी राहिली नव्हती, पायांना चिखल्या झाल्या होत्या. वजन तिचंच सगळ्यात कमी भरलं. माझ्या पूर्ण तपासणीत तब्येत बिघडलेली एकच बाई सापडली, आणि ती विष न खाल्लेली होती.

तिने भांडण केलं नाही. रक्त घेताना दंडाला बांधलेली पट्टी सोडवत म्हणाली, "तुजा ऐकला ती मी. मंग माजीच पोरा का गेली घरातून?"

"मला तेव्हा माहीत नव्हतं, सोनाबाय."

"आता माहीत हाय?"

"नाही."

आणि खरोखर नव्हतं. एका घराने एक पावसाळा खाल्लं आणि काही झालं नाही, याला आमच्या धंद्यात पुरावा म्हणत नाहीत. दुसऱ्या घरातल्या पोराला झालंही असतं. तीच परिस्थिती पुन्हा आली तर मी पुन्हा पुरा म्हणेन. पण हे तिला सांगायचं कसं? मी म्हटलं, "तू बरोबर केलंस." तिने माझ्याकडे बघितलं आणि पट्टी माझ्या हातात दिली.

नोकरीत पुढे मी असे पुष्कळ अहवाल लिहिले. धोका सिद्ध झालेला नाही, तरी दक्षता म्हणून वापर थांबवावा. लिहायला सोपं वाक्य आहे. मी ते आजही चुकीचं मानत नाही. पण दक्षता सांगणारा तिची किंमत भरत नाही, ऐकणारा भरतो. म्हणून त्या वाक्याखाली मी नेहमी आणखी एक ओळ घालायचे, की ज्यांचा माल थांबेल त्यांच्या घरात तोवर काय शिजणार, तेही कोणीतरी लिहून द्यावं. साहेब लोक ती ओळ खोडायचे. मी पुढच्या अहवालात परत घालायचे.

पुढल्या वर्षी पुन्हा नमुने घ्यायला पालीला गेले. हिराबायने हाक मारून बसवलं, चहा दिला, नमुने दिले, दोन शिव्याही दिल्या. सोनाबाय दारात उभी होती. तिच्याकडे बाटली नेली, तर ती म्हणाली, "न्हाय बाय," आणि आत गेली.